तीन फुटी फिश टँकचं परीक्षण: सांधे किती वर्षं धरतात?

दुकानात ऑर्डर देऊन जोडून घेतलेली तीन फुटी टाकी नीट जोडलेली असेल तर १० ते १५ वर्षं सांध्यांची काळजी नसते. २० वर्षं ओलांडलेल्या टाक्याही घरोघरी दिसतात. जोडणी अगदीच कच्ची असेल तर ती पहिल्या काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत पाझरायला लागते. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी अचानक गळायला लागलेली टाकी बघितली की बहुतेक वेळा दोष काचा जोडणाऱ्या सिलिकॉनचा निघत नाही. स्टँडचा निघतो, नाहीतर काच घासायच्या ब्लेडचा. दुकानदार काहीही सांगो, टाकीचं आयुष्य दोन दिवशी ठरतं: जोडली त्या दिवशी आणि घरी बसवली त्या दिवशी.

परीक्षणासाठी माप धरलंय ३६ × १५ × १८ इंच. दोन फुटी टाकीत (२४ × १२ × १२) पाणी जेमतेम फूटभर उभं राहतं, तिथे सुमार कामही खपून जातं. तीन फुटीपासून मात्र ते अंगाशी येतं. या मापात तीन पर्याय मिळतात: कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात, क्रॉफर्ड मार्केटात किंवा तुमच्या गावातल्या दुकानात काच कापून जोडून दिलेली टाकी, पुढची काच कोपऱ्यांवर वाकवलेली, खाली-वर प्लास्टिकची चौकट असलेली ‘मोल्डेड’ टाकी, आणि कुणीतरी शौक संपल्यावर विकायला काढलेली जुनी.

आधी थोडा हिशेब

टाकीत १७ इंच, म्हणजे ४३ सेंटीमीटर पाणी भरलं की पुढच्या काचेवर बाहेरच्या दिशेने साधारण ८५ किलोचा जोर पडतो. टाकी पुढून मागे १५ इंच आहे की २४, याने त्यात काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो उंचीने, आणि तोही वर्गाने: दीड फुटाची उंची दोन फूट केली की तोच जोर पावणेदोन पटींच्या वर जातो. ‘उंच टाकी शोभून दिसते’ म्हणून दोन फूट उंची सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला जुन्याच जाडीची काच लावून देणारे दुकानदार आहेत. तिथून सरळ उठून यावं.

आता सांध्याकडे या. ८ मिलिमीटर काच असेल तर पुढच्या काचेला तळाशी आणि दोन्ही बाजूंना मिळून साधारण १४५ चौरस सेंटीमीटर चिकटलेली जागा मिळते. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सरासरी ६०० ग्रॅमचा ताण. तळाशी तो जास्त, वर कमी. चांगलं सिलिकॉन दर चौरस सेंटीमीटरला १५-२० किलो ताणाशिवाय फाटत नाही. पंचवीसपट मोकळीक आहे इथे! म्हणूनच गळणाऱ्या टाकीत सिलिकॉन मधून फाटलेलं क्वचितच दिसतं. ते काचेवरून सुटलेलं असतं, अख्खी पट्टी सोललेल्या सालीसारखी हातात येते.

मग ‘सिलिकॉन म्हातारं होतं’ ही समजूत कितपत खरी? उन्हाने आणि हवेने सिलिकॉनचं फारसं बिघडत नाही. अमेरिकेत डेट्रॉइटला १९७१ मध्ये एका इमारतीच्या दर्शनी काचा चारी बाजूंनी निव्वळ सिलिकॉनवर बसवल्या होत्या, आणि पुढे जगभरच्या काचेच्या इमारती त्याच पद्धतीने उभ्या राहिल्या. टाकीतला फरक एवढाच की सांधा रात्रंदिवस पाण्याखाली असतो. काच आणि सिलिकॉन यांच्यामध्ये जिथे पकड आधीच कच्ची आहे, तिथे पाणी केसाएवढ्या वाटेने आत शिरतं आणि दरवर्षी थोडं थोडं पुढे सरकतं. पकड पक्की असेल तर त्याला वाटच मिळत नाही. एकाच महिन्यात घेतलेल्या दोन टाक्यांपैकी एक पाचव्या वर्षी आणि दुसरी अठराव्या वर्षी गळते, त्याचं कारण हे.

दुकानात जोडलेली टाकी

आमची पसंती हिलाच, पण अटी घालून.

पहिली अट काचेच्या जाडीची. वरून उघडी, ब्रेसिंगशिवाय, म्हणजे वरच्या कडेला आधाराच्या पट्ट्या न लावता, हवी असेल तर ८ मिलिमीटर. वरच्या कडेला आतून दोन-अडीच इंची काचेच्या पट्ट्या आणि मध्ये एक आडवी पट्टी घालणार असतील तर ६ चालेल. शौकीन लोक जाडी ठरवायला जे गणित वापरतात त्यात काचेला ३.८ पट सुरक्षितता धरायची रीत आहे. या मापाला ब्रेसिंगशिवाय ६ मिलिमीटर लावली तर तो आकडा ३ च्या आत येतो, ८ लावली तर ५ च्या जवळ जातो. ५ मिलिमीटरला तो २ सुद्धा भरत नाही, तरी ‘आम्ही कायम पाचचीच देतो’ असं ऐकायला मिळतंच. पातळ काच फुटेपर्यंत वाट बघायची गरज नसते. ती फुगते, आणि ती फुगली की उभ्या सांध्यांच्या वरच्या टोकाला सिलिकॉन सोलल्यासारखं ओढलं जातं. सिलिकॉन सरळ ओढ सहन करतं, सोलणं नाही.

काचेचा भाव चौरस फुटावर असतो, तर घरी जाण्याआधी फूट मोजून घ्या. तळ पावणेचार, पुढची-मागची मिळून नऊ, दोन बाजू मिळून पावणेचार: एकूण साडेसोळा चौरस फूट. सहा आणि आठच्या दरातला फरक साडेसोळाने गुणला की जास्तीचे पैसे किती ते कळतं. मासे, फिल्टर आणि लाइट यांच्यापुढे ती रक्कम किरकोळ असते. ८ मिलिमीटरची रिकामी टाकी साधारण ३१ किलो भरते, तेव्हा उचलायला दोघं लागतील.

दुसरी अट कडांची. हिरकणीने कापलेली काच तशीच जोडली तर कडेला बारीक कपचे राहतात आणि तिथून पुढे तडा जाऊ शकतो. कडा घासून धार मोडलेली हवी. पॉलिशचा चकचकीतपणा हा दिसण्याचा भाग झाला, ताकदीशी त्याचा संबंध नाही.

तिसरी अट कुणी विचारत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाची तीच. काच कापताना कारागीर हिरकणी रॉकेलात बुडवतो. त्या रॉकेलचा पातळ थर नेमका कडेवर बसतो, म्हणजे जिथे सिलिकॉन लागायचं तिथेच. शिवाय शीटा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून कारखाना त्यांच्यात बारीक पावडर टाकतो, ती वेगळी. वर कारागिराच्या बोटांचं तेल आणि मापाचे मार्करचे डाग. कडा ओल्या फडक्याने पुसून लगेच सिलिकॉनची गन चालवली तर टाकी त्या दिवशी उत्तम दिसते आणि पाचव्या महिन्यात पाझरते. योग्य रीत दोन फडक्यांची: एका फडक्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन कड पुसायची आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ फडक्याने टिपायची. एकाच फडक्याने पुसलं तर तेल विरघळतं आणि तिथेच परत बसतं. साबणाचं पाणी, थिनर, पेट्रोल यांतलं काही नको, मागे थर राहतो. दुकानात अल्कोहोलची बाटली दिसते का ते बघा. हे आयपीए मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडेही सहज मिळतं, त्यामुळे ‘मिळत नाही’ ही सबब चालणार नाही.

सिलिकॉन कोणतं? टाकीसाठी अ‍ॅसिटिक, म्हणजे लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं, शंभर टक्के सिलिकॉन. बाथरूमसाठी विकतात त्या ‘अँटी-फंगल’ किंवा ‘सॅनिटरी’ ट्यूबमध्ये बुरशीनाशक असतं आणि ते पाण्यात उतरून माशांना बाधतं. ट्यूबच्या मागचा बारीक मजकूर वाचावा. इमारतीच्या कामाच्या बऱ्याच ट्यूबवर ‘कायम पाण्याखाली वापरू नये’ असं लिहिलेलं असतं. मुदतही तिथेच छापलेली असते. मुदत उलटलेली ट्यूब गनमधून व्यवस्थित बाहेर येते, वरून सुकल्यासारखीही वाटते, पण आत नीट पिकत, म्हणजे घट्ट होत, नाही. दुकानदाराने ट्यूब दाखवायला का-कू केली तर काय समजायचं ते समजा.

काळं घ्यावं की पारदर्शक? ताकदीत तसा फरक नाही. काळ्यात शेवाळ लपतं, दिसायला रेखीव. आमचं मत पारदर्शकला, कारण सांधा आतून सुटायला लागला तर तो पारदर्शकमध्ये दिसतो, काळ्यात गळेपर्यंत पत्ता लागत नाही. पारदर्शकची एक पिरपीर आहे: माशांना औषध म्हणून मिथिलीन ब्लू टाकलं की सांधे निळे होतात आणि ते निळेच राहतात. पकडीला धोका नाही, फक्त डोळ्यांना खुपतं.

जोडतानाची आणखी एक खोड म्हणजे चिकटपट्टी इतकी आवळायची की दोन काचांमधलं सगळं सिलिकॉन पिळून बाहेर पडतं. सांधा दिसतो एकदम बारीक, सुबक. पण सिलिकॉनची सगळी कमाई त्याच्या लवचिकपणात आहे, आणि कागदाएवढ्या थराला लवायला जागाच नसते. तीन फुटीत सांध्यात मिलिमीटरभर जाडी राहायला हवी. टाइलवाल्यांचे १ मिलिमीटरचे स्पेसर मध्ये ठेवून हे सहज साधतं.

तयार टाकी ताब्यात घेताना सांध्यांना तिरपा टॉर्च लावून बाहेरून बघा. चिकटलेला भाग एकसारखा, ओलसर दिसतो. जिथे सिलिकॉन काचेला लागलेलंच नाही तिथे चंदेरी, आरशासारखी चमक दिसते. टाचणीच्या डोक्याएवढे सुटे बुडबुडे असले तर सोडून द्या. पण काचेच्या जाडीच्या अर्ध्याहून लांब बुडबुडा, किंवा आतून बाहेर जाणारी बुडबुड्यांची रांग दिसली तर टाकी परत. तळाचे चार कोपरे, जिथे तीन काचा भेटतात, तिथे दुप्पट वेळ घालवा. बहुतेक गळत्या तिथूनच सुरू होतात.

आणि घाई करू नका. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पिकतं, वरून आत, दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर. बोटाला लागेनासं झालं म्हणजे पिकलं असं नाही. ‘आज ऑर्डर, उद्या डिलिव्हरी’ हे टाकीच्या बाबतीत कौतुकाचं नाही. जोडल्यापासून ७ दिवस पाणी नको. कोकणात पावसाळ्यात वरची साय पाच-सात मिनिटांतच धरते, तेव्हा कोपऱ्यातली सिलिकॉनची पट्टी ओढायचं काम झटपट उरकावं लागतं. पण त्याच दमट हवेत काचेवर न दिसणारा ओलावा बसलेला असतो, म्हणून पुसल्यानंतर लगेच जोडणी व्हायला हवी. विदर्भात मे महिन्यात उलटं: हवा इतकी कोरडी असते की आतलं सिलिकॉन पिकायला वेळ लागतो, तिथे ७ ऐवजी १० दिवस थांबलेलं बरं. जोडल्याची तारीख तळाच्या काचेवर मार्करने लिहून घ्या, आणि ४८ तास दुकानातच पाणी भरून ठेवायला सांगा.

मोल्डेड टाकी

कोपऱ्यांवर वाकवलेल्या काचेमुळे पुढचे दोन उभे सांधे नाहीसे होतात, आणि कारखान्यातलं सिलिकॉन एकसारखं लागलेलं असतं. एवढ्या दोन बाबतींत ती दुकानी टाकीच्या पुढे आहे. बाकी तक्रारी बऱ्याच. तळाचा सांधा, म्हणजे सगळ्यात जास्त दाबाचा, प्लास्टिकच्या चौकटीत लपलेला असतो. तो बघता येत नाही, आणि पाझरला तर पाणी चौकटीत साचून भलत्याच कोपऱ्यातून बाहेर येतं. काच बहुधा आवश्यक तेवढीच जाड, सगळी भिस्त वरच्या चौकटीवर. ती चौकट लाइटच्या उष्णतेने किंवा झाकण आपटून मधोमध तडकली की पुढची काच फुगायला मोकळी. मोल्डेड टाकी असेल तर दर सहा महिन्यांनी वरच्या चौकटीची मधली पट्टी बघत जा. तडा दिसला की पाणी अर्ध्यावर आणा आणि मगच पुढचा विचार करा.

अ‍ॅक्रिलिकच्या टाकीचा मामला निराळा. तिचे सांधे सिलिकॉनने नाही, द्रावकाने प्लास्टिक विरघळवून जोडतात. बर्लिनच्या हॉटेलातली सुमारे १० लाख लिटरची गोल टाकी १६ डिसेंबर २०२२ ला फुटली, ती अ‍ॅक्रिलिकची होती. त्या बातमीचे व्हिडिओ बघून घरच्या काचेच्या टाकीला घाबरण्यात अर्थ नाही. काचेच्या टाकीचा सांधा बहुतेक वेळा आधी पाझरून इशारा देतो. एका क्षणात जाते ती काच, सांधा नाही, आणि ती जाते बहुधा तळाखाली राहिलेल्या वाळूच्या एखाद्या खड्यामुळे.

स्टँड

भरलेली टाकी, वाळू, दगड मिळून २०० किलोच्या घरात जाते. हे वजन चौकोनी पाइपाचं स्टँड सहज पेलतं. प्रश्न वजनाचा नाही, पिळाचा आहे. वेल्डिंग थंड होताना चौकट वाकते, एखादा पाय २-३ मिलिमीटर आखूड राहतो, आणि टाकी तीन कोपऱ्यांवर बसून चौथा हवेत राहतो. पाणी भरलं की वजनाने चौथाही टेकतो, आणि तेवढा पीळ सांध्यांमध्ये कायमचा बसतो. वर्षभर काही होत नाही. मग एका कोपऱ्यात पाझर.

तपासणी सोपी आहे. रिकामी टाकी स्टँडवर ठेवून चारही कोपऱ्यांखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. कुठेही आत गेलं तर स्टँड दुरुस्त करा, टाकीखाली पुठ्ठा घालू नका. मग पाणसळ लावा. अर्धी टाकी भरून काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजा आणि समोरासमोरच्या, म्हणजे तिरप्या रेषेतल्या, कोपऱ्यांची बेरीज करा. समजा पुढचा डावा २३०, पुढचा उजवा २३३, मागचा उजवा २३३, मागचा डावा २३० मिलिमीटर: दोन्ही बेरजा ४६३ आल्या, म्हणजे टाकी नुसती कललेली आहे, पिळलेली नाही. एवढ्याशा कलाने काही बिघडत नाही. बेरजांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पाणी काढा आणि स्टँडकडे वळा. काच कापण्यातच मिलिमीटरभर इकडेतिकडे असू शकतं, तेवढं सोडून द्यावं.

स्टँडवर १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय, त्यावर अर्धा इंची थर्माकोल. भुशाचा बोर्ड नको, पाण्याचे चार थेंब लागले की कडेला फुगतो आणि मग वरच्या टाकीलाही पिळतो. मोल्डेड टाकीला मात्र थर्माकोल घालायचा नाही. तिचा तळ चौकटीत अधांतरी असतो, वजन कडांवर येतं. खालून थर्माकोलने तळ वर ढकलला तर तळाचा सांधाच सुटतो. ही चूक सर्रास होते आणि पुष्कळदा टाकी पोहोचवायला आलेला माणूसच ती करतो.

वापरात काय बिघडतं

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तिथे पाण्याच्या रेषेवर पांढरे क्षार धरतात. ते काढायला लोक ब्लेड घेतात आणि ब्लेड थेट कोपऱ्यापर्यंत नेतात. आतल्या कोपऱ्यात सिलिकॉनची जी तिरपी पट्टी असते, ती मुख्य सांध्याचं पाण्यापासून रक्षण करते. तिला ब्लेडचा एक बारीक काप गेला की तिथून शेवाळ शिरतं. कोपऱ्यापासून अर्धा इंच लांब ब्लेड थांबवा. तिथले क्षार पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस तासभर चिकटवून ठेवला की सुटतात, सिलिकॉनला त्याने काही होत नाही. हे पाणी उतरवून, मासे बाहेर काढून करायचं काम.

टाकी सरकवताना पाणी पूर्ण काढा, आणि वाळूही. ‘चार बोटं पाणी राहू दे, मासे त्यातच राहतील’ असं म्हणून उचललेल्या टाकीचा तळ मधून लवतो. वरच्या कडेला किंवा ब्रेसिंगला धरून कधीच उचलू नका. हात तळाखाली.

सांधा जुना होत चालल्याच्या खुणा: आतल्या पट्टीच्या कडेखाली हिरवी रेघ सरकत जाणं, पट्टीची कड नखाने उचलली जाणं, बाहेरून बघताना पूर्वी ओलसर दिसणाऱ्या सांध्यात चंदेरी डाग उमटणं, खाऱ्या पाण्याच्या टाकीत सांध्याच्या बाहेर मिठाची पांढरी कड येणं. काच किती फुगली ते बघायला भरलेल्या टाकीला बाहेरून सरळ धातूची पट्टी आडवी लावा. या मापात जाडी बरोबर असेल तर फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहते. २ मिलिमीटर दिसली तर काच पातळ आहे किंवा ब्रेसिंग सुटलंय.

खाली पाणी दिसलं म्हणजे सांधाच गेला असं लगेच धरू नका. हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या एअर स्टोनचे उडणारे थेंब, टाकीबाहेर ठेवलेल्या कॅनिस्टर फिल्टरचा नळीजोड, वायरवरून ओघळत येणारं पाणी, हे नेहमीचे संशयित. बाहेरून सगळं कोरडं पुसा, चारही कोपऱ्यांखाली वर्तमानपत्राचे तुकडे सरकवा आणि फिल्टर-पंप बंद करून तीन-चार तास थांबा. माशांसाठी हवेचा स्टोन हवाच असेल तर अगदी मंद ठेवा. तरी कागद भिजला तर सांधा. आणि सर्वांत आधी खालचा एक्स्टेंशन बोर्ड उचलून टाकीच्या वरच्या पातळीला टांगा.

पुन्हा सील करणं: सेवा कशी घ्यावी

‘बाहेरून मारून देतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. पाणी आतून ढकलतंय, बाहेरची पट्टी ते उचलूनच टाकणार. एम-सील पाइपाला उत्तम, पण ते कडक होतं आणि काच हलली की सुटतं. गळक्या जागी आतून जुन्यावर नवीन सिलिकॉनचा ठिगळ लावणंही तितकंच फुकट: पिकलेल्या सिलिकॉनला नवीन सिलिकॉन भरवशाने धरत नाही.

काम असं व्हायला हवं. टाकी रिकामी, कोरडी. चारही उभ्या आणि तळाच्या चारही कोपऱ्यांतली आतली पट्टी ब्लेडने पूर्ण काढायची, फक्त गळक्या कोपऱ्यातली नाही. दोन काचांच्या मधल्या सिलिकॉनला ब्लेड लागू द्यायचं नाही. काचेवरचा उरलेला पातळ थर हाताला गुळगुळीत लागतो, दिसत नाही. तो नवीन ब्लेडने आडवा खरवडायचा. दोन फडक्यांनी आयपीए. सांध्यापासून ८ मिलिमीटरवर दोन्हीकडे मास्किंग टेप. एका दमात सगळ्या कोपऱ्यांत सिलिकॉन, बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने दाबून ओढायचं, आणि साय धरण्याआधी टेप काढायची. तीन फुटीला एक ट्यूब पुरते, पण हाताशी दोन असाव्यात, कारण मध्येच संपली तर तो जोड कच्चा राहतो. मग ७ दिवस. पाणी तीन टप्प्यांत भरायचं, प्रत्येक टप्प्याला २४ तास.

कारागिराचं काम पारखायचं असेल तर त्याच ट्यूबमधली एक रेघ काचेच्या तुकड्यावर ओढून ठेवायला सांगा. आठवड्याने तो तुकडा एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि मग ती रेघ ओढून बघा. मधून फाटली तर पकड चांगली. अख्खी सुटून आली तर ट्यूब किंवा सफाई बिघडलेली आहे, टाकी भरू नका.

दोन काचांमधल्या सांध्यातच चंदेरी डाग पसरले असतील तर आतली पट्टी बदलून भागत नाही. टाकी पूर्ण सुटी करून, प्रत्येक कड साफ करून पुन्हा जोडावी लागते. तीन फुटी ८ मिलिमीटरची काच चांगली असेल तर तो खर्च परवडतो. दोन फुटीला अजिबात नाही, नवीन घ्या. ५ मिलिमीटरच्या तीन फुटीवरही मेहनत वाया घालवू नये.

जुनी टाकी घेताना

वरच्या सगळ्या खुणा बघाच, पण टाकी किती दिवस कोरडी होती तेही विचारा. गच्चीत दोन वर्षं पडलेल्या टाकीत पट्टीखाली शिरलेलं शेवाळ वाळून खपली झालेलं असतं. तिथे फट तयार असते आणि पाणी भरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती बोलते. म्हणून जुन्या टाकीला ४८ तास पुरत नाहीत, सपाट जागी थर्माकोलवर ठेवून आठवडाभर भरून ठेवा. कोपऱ्यात ताजं, वेगळ्या चमकेचं सिलिकॉन आणि बाकी ठिकाणी पिवळट, असं दिसलं तर कुणीतरी ठिगळ लावलंय. अशा टाकीची किंमत फक्त काचेची धरा, चौरस फुटाच्या हिशेबाने, आणि पूर्ण सील करण्याचा खर्च त्यातून वजा करा. विकणारा त्या भावाला तयार नसेल तर नवीन जोडून घेतलेली स्वस्त पडेल.